पगारवाढ दसऱ्याला, राजीनामा दिवाळीला

कोल्हापूर,
कोजागरी, १९९८

तीर्थस्वरूप अण्णासो मामांस,

भाचा शशिधरचे शरणु शरणार्थी. गुडघा काय म्हणतोय? मामींचा खोकला थांबला का? शिरोळात नदीकाठचा ऊस पाण्याबाहेर निघाला की न्हाय? इकडं आम्ही खुशाल. (कितपत खुशाल, ते पुढं कळंलच.)

गेल्या खेपेला तुम्ही चारचौघांत सुनावलंत, पक्का पगार दाव, मगच माझी लेक दानेश्वरी तुला देतो. वकिलीचं काय, आज हाय, उद्या न्हाय. मनाला लागलं. नेमकी त्याच आठवड्यात कागलच्या एका बँकेत कायदा अधिकाऱ्याची जागा निघाली. मुलाखत झाली, बँकवाले खूश. पगार मात्र आत्ताच्या पगारावर थोडा चढवून देणार. आता आमच्या आकाराम वकीलसाहेबांकडं वाढ वर्षातनं एकदाच. खंडेनवमीला कायद्याची पुस्तकं आणि टाइपरायटर पूजायचा, दुसऱ्या दिवशी सोनं देताना ज्याच्या त्याच्या कानात वाढ सांगायची. मग म्हटलं, गडबड कशाला? दसऱ्याला वाढ पदरात घ्यायची, वाढलेला पगार बँकेला दावायचा आणि दिवाळीला राजीनामा. डोकं हाय की न्हाय भाच्याला?

वाढ घसघशीत मिळावी म्हणून श्रावणापासनं असा राबलो मामा, की विचारू नका. साहेबांच्या आधी ऑफिसात, साहेबांनंतर घरी. पक्षकारांना चहा मी, टायपिंग मी, गगनबावड्याच्या तारखा मी (एसटीत उभं राहून). साहेबांची म्हैस आजारी पडली, तर डॉक्टरबी मीच आणला. साहेब नुसतं बघायचे आणि "हं" म्हणायचे. प्रत्येक "हं"बरोबर वाढ फुगतीया असं मला वाटायचं.

दसऱ्याला सोनं दिलं. कानात काय न्हाय! दंडाला धरून दारात नेलं, तर नवी पाटी. साहेबांच्या नावाखाली माझं नाव, अक्षरं तेवढीच मोठी. साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, "आजपासनं तू भागीदार. घरच्या माणसाला आता कसला रं पगार?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. वाढ राहिली बाजूला, होता तो पगारबी गेला की हो मामा!

तरी बँकेत गेलतो. शून्यावर चढवून किती द्यायचे, असं त्यांनीच मला विचारलं आणि चहा पाजून वाटंला लावलं. वाईट वाटलं म्हणाल, तर खरंच न्हाय वाटलं. पाटी बघितली की अजून छाती भरून येती. आई तर ती पुसायला रोज येती.

तुमचाच,
शशिधर

ता. क. : पक्का पगार न्हाय, पण पक्की पाटी हाय. तेवढ्यावर भागवा की. दानेश्वरीची ना न्हाय, हे मामींनी अजून सांगितलं नसंल, तर मीबी काय बोललो न्हाय.

आणखी ता. क. : पाकीट डकवायच्या आधी साहेबांनी पत्र वाचलं. (घरचेच की ते!) बँकेचं कळल्यावर आधी "हं" म्हणाले, मग पोट धरून हसले. येत्या रविवारी ते स्वतः मागणी घालायला शिरोळला येणार हायत. तुम्ही नको म्हणालात, तर पुढच्या रविवारी पुन्हा. तारखांचा त्यांना कंटाळा न्हाय; त्यांचा बांधाचा एक दावा दानेश्वरी जन्मायच्या आधीपासनं चालू हाय. म्हणून हात जोडून सांगतो मामा, पहिल्याच तारखेला निकाल द्या.