चांद्याचं मोडकं शिंग

पोशीर
रविवार, ता. १३ मार्च १९४९

चिरंजीव एलियासला भागूमावशीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळी बरी आहोत. थंडी सरल्यापासून तुझ्या आबाजीकाकांचा गुडघाही कुरकुरत नाही. पुढच्या महिन्यात तुझी आगबोट सुटणार, म्हणून आजच लिहायला बसले. अक्षर वाकडं दिसलं तर दोष तुझ्या आईचा. मिल्काबाईनेच मला ओसरीवर बसवून पाटीवर गिरवायला लावलं होतं.

गुरुवारी कर्जतच्या शाळेत तू तुझा सिनेमा दाखवलास, तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. काय केलंस रं पोरा! नाच नाही, गाणं नाही, राजाराणी नाही, तरी माणसं जागची उठली नाहीत. मलिद्याचं ताट आलं तेव्हा त्यातले पोहे, गूळ, खोबरं बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तुझी सेगुलाआत्या चौकटीवर ठोकलेल्या देववचनाच्या डबीला बोटं लावून ओठांना लावते, हे मी वीस वर्षं बघत आले. पण ते इतकं देखणं आहे, हे मला तुझ्या पडद्यावर कळलं. तुमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, ती गोष्ट तू पडद्याशेजारी उभा राहून सांगितलीस, तेव्हा आमची सून सुंदरा पदरात तोंड घालून रडत होती. कुणा शेटजीच्या दारात न जाता, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर एकट्याने तू हे उभं केलंस. मला तुझा फार फार अभिमान वाटतो.

वाल झोडून झालेत. पायलीभर तुझ्यासाठी ठेवलेत. बोटीत चढण्याआधी त्यांना एकदा ऊन दाखव, नाहीतर भुंगा लागेल.

बघ, वालांचं सांगत बसले. सांगायचंय ते निराळंच.

तो तेलाच्या घाण्याचा भाग. पाठमोरी बाई, डोक्यावर पदर, बैल गोल फिरतोय. तू म्हणालास, "ही माझी आई. त्या दिवशी शनिवार होता, आम्हा यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस. जन्मात तिने शनिवारी काडी हलवली नाही, पण माझ्यासाठी त्या दिवशी तिने शनिवार मोडला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मात्र मांडीवरच राहिले.

एलियास, ती तुझी आई नव्हे. ती मी आहे.

तीन वर्षांपूर्वी त्या शनिवारी तुला कॅमेरा संध्याकाळच्या गाडीने परत न्यायचा होता. उजेडासाठी तू घाण्याच्या खोपीची कौलंसुद्धा काढलीस. मिल्काबाई स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाली, "भागू, पोरगा एवढ्या लांबून आलाय गं. त्याला नाय म्हणवत नाय, आन् शनवार मोडवत नाय. तू बस." मी तिचं लुगडं नेसले. तिचा बैल तिने गोठ्यातून सोडला नाही, त्यालाही शनिवार! म्हणून परसातून आमचा चांद्या आणून जुंपला. घाण्यात तिळाचा दाणा टाकू दिला नाही. म्हणाली, "तेल निघालं नाय तर काम झालं कुठं?" आणि स्वतःच पदर तोंडावर धरून हसली.

तू अंगणातून ओरडत होतास, "आई, वळून बघ गं एकदा!" मी कशी वळणार, बाबा? तू लोकांना सांगितलंस, आई लाजली म्हणून.

गुरुवारी आबाजी माझ्या कानात म्हणाले, "आगं, ह्यो तर आपला चांद्या! डावं शिंग मोडकं हाय बघ." मी त्यांना चिमटा काढून गप्प केलं. त्या शनिवारी ते कळंबला गेले होते, त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

"एलूला कळू देऊ नको," असं मिल्काबाईने मला बजावलं होतं. मी तीन वर्षं तोंड मिटलं, ती गेली तेव्हासुद्धा. पण आता तू हा सिनेमा इस्रायलला नेणार. तिथे तिला ओळखणारं कुणी नाही. शनिवार मोडणारी बाई, एवढीच तिची ओळख तिथे राहील, आणि ते मला सहन होत नाही रं. ताप असतानाही शनिवारी तिने चूल पेटवली नाही. दर शनिवारी मीच जाऊन पेटवायची. शनिवारी घाणा बंद, म्हणून आख्खं गाव तुम्हाला शनवार तेली म्हणायचं, आणि ते नाव तिने मरेपर्यंत मानाने मिरवलं.

तुझ्याजवळचं आईचं एकुलतं हलतं चित्र मी हिरावून घेतेय, हे मला कळतं. म्हणून नीट वाच. तो भाग कापू नकोस. पुन्हा लाव आणि माझ्याकडे बघू नकोस. बैल दुसऱ्यांदा वळतो तेव्हा डावीकडे, आतल्या अंधाऱ्या दारात बघ. चौकटीवर एक हात आहे, कोपरापर्यंत बांगड्या. गुरुवारी मी तो पाहिला आणि तोंडावर पदर घेतला. ती तिथेच उभी होती. सगळा वेळ. घाण्याकडे तिचं लक्ष नव्हतं, ती तुलाच बघत होती.

तिकडे सिनेमा दाखवशील तेव्हा सांग, घाण्यावर आमची शेजारीण भागू आहे. मग त्या हातावर बोट ठेव आणि म्हण, ही माझी आई. आज तिचा शनिवार आहे.

तुझ्या आईचा शनिवार राखणारी,
भागूमावशी