कापलेला कोपरा

६ तारीख, सोमवार
आज चाळीस मूत्राशयं. कत्तलखान्यातून डबे उशिरा आले, त्यामुळे जेवण उभ्यानंच. डुकराचं मूत्राशय उलटं करा, खरवडा, आतला पातळ पापुद्रा तेवढा ठेवून वाळवा. न भरणाऱ्या जखमेवर तो ठेवला की नवं मांस धरतं. आणि मावशी म्हणते, "लॅबमध्ये असतेस म्हणजे आरामच की!"

बाबांच्या टाचेची जखम सात महिने तशीच. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्या लॅबचाच पापुद्रा लावून बघू. नाही धरला तर पाय काढावा लागेल.

७ तारीख
तो पापुद्रा कशाचा असतो, ते बाबांना भीतभीत सांगितलं. हसले! "लहानपणी आम्ही त्याचाच फुगा करून खेळायचो. ताप आला की तुझी आजी त्यात बर्फ भरून कपाळावर ठेवायची. तुम्हाला आत्ता कळलं होय?"

किती दिवसांनी हसले.

९ तारीख
पापुद्रा लावला. त्याची खरखरीत बाजू जखमेकडे हवी, गुळगुळीत वर. वाळल्यावर फरक कळत नाही, म्हणून आम्ही वरचा उजवा कोपरा कापून खूण करतो. सिस्टरनी कोपरा बघूनच ठेवला. पण ओला झाल्यावर गुळगुळीत बाजू चकाकते — आणि वर काहीच चकाकलं नाही.

या खेपेच्या बाराही पापुद्र्यांचे कोपरे मीच कापलेले. कापायच्या आदल्या रात्री बाबांजवळ जागले होते. डोळ्यांवर झापड, ट्रेमधले पापुद्रे पालथे पडलेले, तशीच बाराही कोपरे कापत सुटले.

तिथं उभी होते. बोलले नाही.

११ तारीख
अजून बोलले नाही. नोकरी जाईल. जखमेला वास येतोय. माझी मला लाज वाटते.

१२ तारीख
लॅबच्या सरांना सांगितलं. ओरडले नाहीत, सरळ फोन उचलला. उरलेले अकरा पापुद्रे तीन दवाखान्यांत गेलेत. लॅबमध्ये दुसरे शिल्लक नाहीत, नवे तयार व्हायला बारा दिवस — डॉक्टर म्हणाले, पाय तेवढं थांबणार नाही.

बाबांनाही सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१५ तारीख
पाय घोट्याच्या वर कापला. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिलं विचारलं, "बाकीचे अकरा?"

"सापडले. एकही लावला नव्हता."

"मग जा. झोप आता जरा."