डोंगर माझे, ट्रम्पेट तुमचं

मखमलाबाद रोड, नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय भिकनआप्पा यांस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तिकडेही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो, कारण फोन केला की तो नुसता वाजत राहतो. तीनदा वाजला. कांदा काढणीची धांदल असेल म्हणून चौथ्यांदा केला नाही. पत्राचं बरं असतं, ते नामपूरला तुमच्या ओट्यावर येऊन पडेल आणि तुम्हाला वाटेल तेव्हा वाचता येईल. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा लिहिण्याचा मला कंटाळा नाही.

आपले रविवारचे काउबॉय पिक्चर चालू आहेत. सकाळी दहाला माझ्या हॉलमध्ये पडदे ओढायचे, टीव्ही लावायचा आणि सुवर्णाने चहाचा थर्मास आणून ठेवायचा. लंकाबाई येतात, त्या सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. मळ्यातले वाळूभाऊ झेंडूची गाडी मार्केटला रवाना करून येतात. लंकाबाईंना हिरोच्या खांद्यात गोळी लागली की राहवत नाही. आज त्याने जखमेवर गळ्यातला मळका रुमाल बांधला आणि घोड्यावर बसून निघाला, तर त्या मोठ्याने म्हणाल्या, "चार दिवसांत धनुर्वात. मी सांगते." वाळूभाऊंचा प्रश्न दर रविवारी तोच, "सर, ही माणसं खातात काय? तीन तास झाले, एक वाफा दिसला नाय."

आता मुख्य बातमी. मी हरलो.

आपला वाद तुम्हाला आठवत असेलच. मी म्हणायचो, हे पिक्चर उभे आहेत ते त्या उजाड रानावर, तांबड्या कड्यांवर आणि क्षितिजावरून येणाऱ्या त्या एकट्या घोडेस्वारावर. तुम्ही म्हणायचात, "सर, तुमचा डोंगर मुका शे. शिट्टी वाजल्याशिवाय तो घोडेस्वार म्हणजे बाजारातून घरी चाललेला माणूस." म्हणून आज मी सर्वांदेखत प्रयोग केला. सुरुवातीची दहा मिनिटं आवाज पूर्ण बंद. नुसते डोंगर. मी मध्ये मध्ये खडकांची माहिती देत होतो. चौथ्या मिनिटाला वाळूभाऊ घोरू लागले. सहाव्या मिनिटाला लंकाबाईंनी विणकाम काढलं. मग मी मुकाट्याने आवाज चालू केला. आधी ते दातांत धरून वाजवायच्या मोरचंगासारखं टणत्कारणं, मग शिट्टी, मग लांबून गिटार आणि शेवटी तुमचं लाडकं ट्रम्पेट. वाळूभाऊ दचकून उठले आणि म्हणाले, "आलं का कोणी?"

तेव्हा वाद तुम्ही जिंकलात. पण जिंकणाराच समोर नसेल तर हरण्यात काय मजा? एखाद्या रविवारी या.

इकडे थंडी ओसरली. द्राक्षं छान आलीत. आमची स्नेहल दिवाळीपासून इथे माहेरीच आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. बरी आहे. असो.

वहिनींना नमस्कार.

आपला,
जयराम


नाशिक
रविवार, २ मार्च

प्रिय आप्पा,
नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण मी त्या इतक्यांदा वाचल्या की सुवर्णाने विचारलं, कोणाची पत्रिका आली का. तुम्ही लिहिलंय, "सर, आवाजाशिवाय पिक्चर नाही हे मान्य केलं, बरं वाटलं. पण सगळ्या पत्रात पोरांविषयी दोन वाक्यं आणि पुढे 'असो'. त्या 'असो'मध्ये काय शे ते लिहा."

लिहितो.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही दीपकला घेऊन स्नेहलला बघायला आमच्याकडे आलात. पोहे झाले, चहा झाला, आणि कोणालाच काही बोलायला सुचेना. दीपक दारातल्या बुटांकडे बघत होता. तेवढ्यात तुमच्या खिशात फोन वाजला, तीच ती वाळवंटातली शिट्टी. माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, "हे कुठलं?" तुम्ही म्हणालात, "गावच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचो, सर. मालेगावला रविवारी सकाळी विंग्रजी पिक्चर लागायचे. एक अक्षर कळायचं नाही, पण डोळे मिटून ऐकायचो." मी म्हटलं, "मी नाशिकला तेच पिक्चर डोळे फाडून बघायचो!" आणि आपण दोघं गॅलरीत गेलो ते तासाभराने आत आलो. तोवर मुलं आत बसून पंख्याकडे बघत होती.

तुम्ही गेल्यावर सुवर्णाने विचारलं, "मुलाच्या नोकरीचं काही विचारलंत?" मी म्हटलं, "नाही, पण माणसं फार छान आहेत."

त्या संध्याकाळी स्नेहल कप विसळत होती. ती म्हणाली, "पप्पा, मुलगा वाईट नाही. पण मला त्याला अजून दोन-चारदा भेटायचंय. घाई नको." मी काय म्हणालो असेन? "अगं, अशी माणसं शोधून मिळत नाहीत." आणि तासाभरात नामपूरला फोन लावला. तुम्ही विचारलंत, "पोरीची पसंती आहे ना, सर?" मी म्हणालो, "आहे."

आप्पा, ती नव्हती. पसंती माझी होती, आणि दीपकपेक्षा तुम्हालाच होती.

हेच त्या 'असो'मध्ये होतं. पुण्यात त्या दोघांनी संसार करून पाहिला. दीपकबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. तो तिला कधी उणा शब्द बोलला नाही. बोललाच नाही, हीच तर तिची तक्रार. तिला घरात गप्पा लागतात, त्याला शांतता. दोघं हिरमुसत गेली, आणि दिवाळीत तिने दोन बॅगा आणून इथे ठेवल्या. वकिलाकडेही दोघं न भांडता, एकाच रिक्षाने जाऊन आली. मला वाटत होतं, तुम्हाला सत्य कळलं तर तुम्ही म्हणाल, या मास्तरने हौसेपायी माझ्या पोराची तीन वर्षं घालवली. म्हणून मी तुम्हाला घोड्यांचं लिहीत राहिलो.

परवा तुमचं कार्ड समोर ठेवून बसलो होतो. स्नेहल आली.

"आप्पांचं ना? फोन उचलत नाहीत का?"

"नाही."

"पप्पा, वेगळे आम्ही होतोय. तुम्ही दोघं कशाला होताय?"

मला हसू आलं, आणि हसता हसता मी तिला त्या फोनचं सांगून टाकलं. तिने ते कार्ड उचलून पाहिलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं. आईने तेव्हाच सांगितलं होतं. मलाही ठाम 'थांबा' म्हणता आलं असतं, ते मी म्हटलं नाही. पण हे तुमच्या तोंडून कधी येतंय, याची वाट बघत होते." एवढं बोलून ती आत गेली. चिडली की मोकळी झाली, मला अजून कळलेलं नाही. येत्या आठवड्यात ती कोल्हापूरला चाललीय, तिथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून.

आता तुम्हाला रागवायचं असेल तर समोरासमोर रागवा. चांदवड आपल्या दोघांच्या मध्यावर आहे. रविवारी, १६ तारखेला, अकरा वाजता मी देवीच्या डोंगराखालच्या चहाच्या हॉटेलात असेन. येणार की नाही ते कळवू नका. मी येऊन बसेन.

तुमचा अपराधी,
जयराम


नाशिक
मंगळवार, १८ मार्च

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

खोली मिळाली, डबाही बरा आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर तू "हं, हं" करतेस आणि मी कोल्हापूरचं ऊन विचारतो, म्हणून हे पत्र. रविवारी काय झालं ते तुला नीट सांगायचंय.

साडेदहालाच मी एसटीने चांदवडला उतरलो. हॉटेलच्या बाकावर बसलो. समोर आपले सातमाळ्याचे डोंगर. गवत वाळून सोनेरी झालेलं, वर काळा ताशीव कडा आणि माथा सुरीने कापल्यासारखा सपाट. खोगीर टाकलेला एक घोडा तेवढा हवा होता. अकरा वाजले. साडेअकरा झाले. मी खडकांचे थर बघत बसलो. बारा वाजले तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "बाबा, कोणाची वाट बघताय का?" मी म्हटलं, "हो. पण तो येईलच असं नाही."

सव्वाबाराला मोटरसायकल आली. आप्पा एकटेच. पाठीला दोरीने बांधलेली काळी पेटी.

"उशीर झाला का, सर?"

"झाला."

"देवळ्यापासून दोनदा गाडी माघारी वळवली. तिसऱ्यांदा नाही वळवली."

चहा सांगितला. त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून सगळा संपवला आणि मग बोलले. तुला त्यांच्याच शब्दांत सांगतो. "सर, तुमचं पत्र वाचलं आणि दोन दिवस जेवलो नाही. रागाने नाही. दीपक पण मला बोलला होता, 'आप्पा, थोडं थांबू, मला तिच्याशी बोलायला सुचत नाही.' मी म्हटलं, अरे, सर लाख माणूस शे, पोरगी वाईट कशी राहील? तुम्ही मला खोटं सांगितलं, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मग फोन कोणत्या तोंडाने उचलू?"

म्हणजे दिवाळीपासून आम्ही दोघं एकाच चोरीसाठी एकमेकांपासून लपत होतो! मला रडू यावं की हसू, कळेना. आप्पांचे डोळे भरले होते, पण मिशीखाली हसूही फुटत होतं. मी नेहमीप्रमाणे समोरचा डोंगर समजावून सांगू लागलो. हा लाव्ह्याचा खडक, पिक्चरमधला तो वाळूचा, तरी माथा दोन्हीकडे सपाट कसा...

"थांबा, सर," असं म्हणून त्यांनी पेटी सोडली.

आम्ही पायवाटेने थोडे वर गेलो, कडा अगदी समोर येईपर्यंत. आप्पांनी ट्रम्पेट ओठांना लावलं. पहिला सूर फुसका निघाला. शेजारी चरणाऱ्या दहा-बारा शेळ्यांनी माना वर केल्या. "दात गेले ना," ते म्हणाले आणि पुन्हा फुंकलं. या वेळी लागला. लांब, सरळ, उन्हासारखा सूर. संपल्यावर ते दम घेत थांबले, आणि तोच सूर कड्यावर आपटून आमच्याकडे परत आला. नंतर पलीकडच्या डोंगरावरून आणखी एकदा, बारीक होऊन.

मग मी म्हटलं, "आप्पा, आवाज तुमचा, पण परत कोणी पाठवला?"

ते कड्याकडे बघत राहिले. "डोंगराने," म्हणाले. "मुका नाही म्हणायचा. जरा उशिरा बोलतो."

शेळ्यांमागची म्हातारी काठी टेकत आली. नाव सुलाबाई. तिने विचारलं, "लगीन कोणाचं हाय, बाबा?" मी खाली बघू लागलो. आप्पांनी सरळ सांगून टाकलं, "लगीन नाही, आजी. आमच्या पोरांचं मोडलं. आम्ही व्याही होतो." म्हातारीने आम्हाला खालीवर न्याहाळलं आणि खडकावर बसकण मारली. "मंग वाजव की. जुळल्याचं लय जण वाजवत्यात. मोडल्यावर कोण येतंय वाजवाया?"

आप्पा अर्धा तास वाजवत होते. काउबॉयचं सगळं झालं, मग सुलाबाईच्या फर्माइशीवरून एक लावणी आणि दोन आरत्या. शेळ्या पांगल्या तरी ती उठली नाही.

निघताना त्यांनी तुझं विचारलं. खोली मिळाली का, तिथे कोणी ओळखीचं आहे का. दीपकही बरा आहे. त्याला सांगूनच ते आले होते. घरच्या शेवया दिल्या आहेत, त्या तुझ्या आईने तुझ्यासाठी बांधून ठेवल्यात.

आता कामाचं. या ३० तारखेला पाडवा आहे आणि रविवारही. तू सुट्टीला येणार आहेस. आप्पांना त्या दिवशी आपल्याकडे पिक्चर बघायला यायची फार इच्छा आहे. तसं त्यांनी मला विचारलं. माझ्या जिभेवर "या की!" आलं होतं, ते मी गिळलं. म्हटलं, "स्नेहलला विचारून सांगतो." त्यांनी मान हलवली. "बरोबर शे, सर. आधी तिला विचारा."

म्हणून विचारतो आहे. तुला अवघड वाटत असेल तर ते पाडव्याला येणार नाहीत, आम्ही पुन्हा चांदवडला भेटू. आप्पा पुढे कधीच घरात नकोत, असं तू म्हणालीस, तरी मला चालेल. वाईट वाटेल, पण ते माझं मी बघेन. तुझ्या आईला मध्ये घालू नकोस, आणि मला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणू नकोस. सवड काढ, विचार कर. पाडवा उलटून गेला तरी हरकत नाही.

तुला न विचारता मी एकदा तुझं उत्तर देऊन बसलो, त्याची माफी मी त्या दिवशी मागितलीच नाही, नुसतं सांगितलं. आज मागतो.

तुझ्या उत्तरासाठी थांबलेला,
पप्पा