साठ अंशांबद्दल तोंड उघडण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
रक्तरोग संशोधन संस्था

विषय : दुसऱ्या मजल्यावर फसलेला प्रयोग चौथ्या मजल्याला सांगण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझ्या सहीची गोपनीयता-पत्रे (दोन, मजल्यामागे एक).

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी, एक आख्यान लावतो. लांबवणार नाही.

१. मी तळमजल्यावर प्रयोगशाळांची काचभांडी धुतो. कोणाचे काय फसले ते आधी मला कळते, कारण ते बुडाशी चिकटलेले असते. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरील बाईंनी रक्ताच्या गोठवलेल्या नमुन्यांच्या सात कुप्या साठ अंशांच्या पाण्यात ठेवल्या. सगळ्या नासल्या. डाग न निघालेले एक भांडे सोबत जोडले आहे. हे कुठे छापणार का, असे मी विचारले. "फसलेलं कोण छापतं, बुवा?" म्हणाल्या, आणि सही घेतली.

२. आता चौथ्या मजल्यावरील डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी आली आहे : सोमवारी तशीच भांडी, पाणी साठ अंश. त्याच नमुन्यांच्या उरलेल्या पाच कुप्या त्यांच्याकडे आहेत. आधी बाईंना विचारा, असे सुचवले, तर विचारल्यावर आपण काय करतोय ते त्यांना कळेल, म्हणाले. त्यांनीही सही घेतली. दोघे रोज एकाच टेबलावर जेवतात आणि हवापाण्यावर बोलतात.

३. कारकूनताईंचे म्हणणे, गुपित लिहिल्याशिवाय परवानगी नाही, आणि परवानगीशिवाय गुपित लिहायचे नाही. सबब परिच्छेद १ व २ आपण परवानगी दिल्यानंतरच वाचलेत असे समजावे.

मी कीर्तनवेडा माणूस. ताल चुकला तर आमचे कीर्तनकार भर सभेत चुकलो म्हणतात आणि पुन्हा धरतात. ऐकणारे पद घरी घेऊन जातात, म्हणून कीर्तनकारांच्या गळ्यातले काही कमी होत नाही. विज्ञानाचेही पुढे असेच व्हावे. तूर्त मोरीजवळ एक फळा लावावा. ज्याचे फसले त्याने लिहावे, बाहेरच्यांनीही येऊन वाचावे. खडू मी आणतो.

साहेब, सोमवारला दोनच दिवस उरले. त्या सगळ्या कुप्या माझ्या थोरल्या बहिणीच्या रक्ताच्या. ती आता नाही, नव्या मिळायच्या नाहीत. शेवटच्या आजारपणात हात पुढे करून ती म्हणाली होती, "घ्या, कुणाच्या तरी कामी येऊ दे." कुठल्या मजल्याच्या, ते तिने सांगितले नव्हते. शेरा लिहिताना तेवढी तिची आठवण असू द्यावी.

आपला नम्र,
काचभांडी धुणारा (सगळे बुवा म्हणतात)
शनिवार, सकाळ