हॉल्ट बंद करणारी सही

प्रिय आये,

तुझ्या दहाव्याला दोन दिवस झाले. एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून लिहितोय. तू असताना तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, आता कसली मर्दुमकी!

आपलं छोटंसं स्टेशन, आपला हॉल्ट कसा झाला, हे लहानपणी किती वेळा सांगितलंस! डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन बायका भिवंडीच्या बाजारापर्यंत चालत जायच्या. एक दिवस तू आणि यमुनामावशी पाट्यांसकट रुळावरच बसलात. "गाडी थांबंल तवाच उठू!" मग गाडी थांबायला लागली. आधी नुसता मुरमाचा ढीग होता. मग फलाट आला, पत्र्याची शेड आली, तिकिटाची खिडकीसुद्धा आली.

आता तिथे कंटेनर उभे राहतात. शेडमध्ये ड्रायव्हर जेवण बनवतात.

मला आपलं शेत गोदामाला विकायचं होतं, त्यांना रस्ता हवा होता आणि मध्ये हॉल्ट येत होता. "इथे कोणी चढत-उतरत नाही, हॉल्ट बंद करावा," असा अर्ज गावातून गेला. पहिली सही माझी, आये! त्या सकाळीसुद्धा तू तिथूनच भेंडी घेऊन गेली होतीस. इतकं निर्लज्ज खोटं मी लिहून दिलं.

"कुनी लिवून दिला रं?" गाडी थांबायची बंद झाली तेव्हा तू विचारलंस. मी मूग गिळून बसलो. यमुनामावशीचा मुलगा गोदामात ड्युटीला लागला होता, म्हणून तू तिच्यावरच संशय घेतलास. बोलणं तोडलंस. अगं, एकदा तिला विचारायचंस तरी! तुझ्या आजारात ती पेज घेऊन आली, तर तू भिंतीकडे तोंड केलंस. मी शेजारीच उभा होतो.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. कोणी नातीचं लग्न कबूल केलं, कोणी तुझ्या नावानं पाणपोई. काय अडलंय ते मला ठाऊक होतं. तरी गप्प! शेवटी यमुनामावशी काठी टेकत पुढे आली. "माजाच चुकला गो बाय. मना माफ कर. जा आता सुखानं."

कावळा आला.

जे केलंच नाही, त्याची माफी मागितली गं तिनं, तुला सोडवायला! लोक म्हणाले, "बघा, हिनंच केलं हाय." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. लाज वाटते, आये. आरशात बघवत नाही.

उद्या तेराव्याला सगळी मंडळी जेवायला बसतील. कोणी पहिला घास घ्यायच्या आत उभा राहून सांगेन, सही माझी होती. मग मावशीच्या पायावर डोकं ठेवीन. माफी दोघांच्या वतीनं मागायची आहे, माझ्या आणि तुझ्याही.

तुझाच,
विनायक