सोनेरी शिरांची वनस्पती

मोमिनाबाद, ५ जुलै १९२६
आजपासून रोजनिशी. थोर शास्त्रज्ञ लिहितात. निजामसरकारच्या शाळेत फसली तारीख चालते, पण शोध जगाचा, म्हणून तारीखही जगाची. काल धर्मापुरीच्या देवळामागं उकिरड्यावर एक झुडूप सापडलं. पानांवर सोनेरी शिरांचं जाळं! औषधी असणारच. माझ्या, म्हणजे सुंदररावाच्या, नावावरून नाव ठेवलं: हिबिस्कस सुंदरराविआय. मुळासकट आणून शाळेच्या अंगणात लावलं. अडाणी माणसाला भेंडी वाटेल.

९ जुलै
बॉटनीच्या तासाला वर्गाकडून नाव घोकून घेतलं. एकानं विचारलं, "मास्तर, ही भेंडी हाय का?" बाकावर उभा केला. संशोधनाला शिस्त लागते.

१४ जुलै
पानांचा काढा केला. बायकोचा गुडघा धरलाय. "कावून माज्यावरच?" म्हणाली मंजुळा, पण प्याली. दुपारी म्हणाली, "गुडघा ऱ्हायला बाजूला, परसाकडं पळून पळून जीव चाललाय." पळाली! दोन वर्षांत पहिल्यांदा. गुण आला.

१ ऑगस्ट
हेडमास्तर काझीसाहेबांनी त्याच अंगणात पलीकडं हौसेनं भेंडी लावलीय. तिच्याही शिरा सोनेरी होताहेत! संगतीचा परिणाम. साधी भेंडी माझ्या वनस्पतीच्या पायरीला चढतेय. साहेबांचं अभिनंदन केलं. ते पिवळी पानं खुडत राहिले. भारावले असावेत.

७ ऑगस्ट
हैदराबादहून बॉटनीचे प्रोफेसर शाळा बघायला येणार. मला कॉलेजात नेल्याशिवाय राहत नाहीत. मंजुळाला ट्रंक भरायला सांगितली. माझे तास कसे घ्यायचे ते उत्तरेश्वर मास्तरांना समजावलं. बिचारे हसले. दुःख लपवत होते.

१२ ऑगस्ट, सकाळ
शेरवानी घट्ट होतेय. हैदराबादेत नवी शिवू.

संध्याकाळ
प्रोफेसरांनी पान उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, "भेंडी आहे. आजारी आहे." मी म्हटलं, औषधी आहे. म्हणाले, "अहो, हिलाच औषध हवंय." मग त्यांनी वर्गाला विचारलं, हे काय? सगळे एका सुरात, "हिबिस्कस सुंदरराविआय!" एकही चुकला नाही. शिकवणं म्हणतात ते हे.
जाताना प्रोफेसर सांगून गेले की हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. काझीसाहेबांनी आधी आपल्या भेंडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मास्टर, मेरी पूरी भेंडी डुबा दिये तुम!"

१३ ऑगस्ट
दोन्हीकडची झाडं उपटून मीच जाळली. घरी मंजुळानं ताट वाढलं, शेजारी बसली. म्हणाली, "हैदराबादची हवा तुमाला मानवली नसती. लई दमट म्हनं." दुसरी भाकरी घेतली नाही. धुरानं भूक मेली असावी.

१६ ऑगस्ट
बॉटनी उत्तरेश्वर मास्तरांकडं गेली. मला कवायत. काझीसाहेबांच्या नजरेत माझी शरीरयष्टी भरली असणार. हा विषय शास्त्रीय पायावर कुणी मांडलेलाच नाही. मांडतो.
आज पहिला तास. "बाएं मुड!" म्हणून हुकूम दिला आणि वर्गाकडं पाठ करून स्वतः वळून दाखवलं. अख्खा वर्ग एकीकडं, मी दुसरीकडं.
सगळ्यांना पहिल्यापासून शिकवावं लागणार.