लाल गाडीचा निवाडा

३ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण की काल तुझ्या मावशीला चक्कर आली. घाबरू नकोस, रक्तदाब ठीक आहे. चक्कर शोरूममध्ये आली आणि एक कागद वाचून आली.

लाल गाडीची वर्षाची सर्व्हिसिंग करायची होती. गाडी धडधाकट आहे, तक्रार काही नाही. तेल बदलायचं, गाळण्या बदलायच्या, ब्रेक बघायचे, एवढंच. काउंटरवर कोट घातलेला एक तरुण होता. त्याच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब होती, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. त्याने गोड हसून एस्टिमेट पुढे सरकवलं. आकडा माझ्या दुकानाच्या सव्वादोन महिन्यांच्या भाड्याएवढा! मी विचारलं की यात नवीन इंजिनही येतं का. तो म्हणाला की नाही, पण गाडी धुऊन मिळते.

तुला तह आठवतो ना? शिवणकाम बंद करून दुकान भाड्याने दिलं आणि साठवलेल्या पैशातून ही गाडी घेतली, तेव्हा दादाने घर डोक्यावर घेतलं होतं. जन्मभर शिवणयंत्राचं पायडल मारलेल्या बाईला दोन सीटांची, जमिनीला टेकलेली, तेरा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार कशाला, असं तुझ्या मामाचं म्हणणं. शेवटी ठरलं की एका सर्व्हिसिंगचा खर्च दुकानाच्या एका महिन्याच्या भाड्यावर गेला तर गाडी विकायची. पंच तू, कारण आपल्या घरात मिलिमीटरमध्ये बोलणारी तू एकटीच. शिवाय तू त्याच कंपनीच्या तुमच्या गावच्या शाखेत असल्याच गाड्यांखाली दिवस काढतेस.

पंधरा तारखेला गाडी द्यायची आहे. दादाला अजून आकडा सांगितलेला नाही. मोजपट्टी, मला ही गाडी विकायची नाही गं. इतकी वर्षं मी लोकांच्या मापांवर मान खाली घालून काढली. या गाडीत बसून गावाबाहेरच्या वळणरस्त्याला लागलं की मान आपोआप वर होते. तेवढ्यासाठी मी काटकसर करीन, पण तह मोडणार नाही. दादा जन्मभर ऐकवेल.

काय करता येईल ते लिही. आणि जेवणाच्या वेळा पाळ.

तुझ्या सवडीप्रमाणे आठवण ठेवणारी,
मावशी


७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि एस्टिमेटची प्रत मिळाली. पंच असल्यामुळे सहानुभूती लिहीत नाही, ती गृहीत धर.

दुसऱ्या शाखेच्या एस्टिमेटवर मत देणं आमच्याकडे चालत नाही. म्हणून मत देत नाही. तुझ्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात देखभालीची छापील पुस्तिका आहे. ती मालकाने वाचावी अशी गाडी बनवणाऱ्यांचीच इच्छा असते. त्यात या वर्षासाठी जी कामं दिली आहेत ती सगळी करून घे, एकही टाळू नकोस. इंधनमार्गाची सफाई, एसीचं निर्जंतुकीकरण आणि इंजिनाला बाहेरून चकाकी ही तीन कामं त्यात शोधून बघ. मला सापडली नाहीत. नको असलेलं काम नको म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. त्यासाठी भांडावं लागत नाही, नुसतं नको म्हणावं लागतं. तू भांडशील हे मला माहीत आहे.

उरलेला खर्चही जास्त वाटेल, पण त्यातला बराचसा खरा आहे. तुझ्या गाडीचं इंजिन सीटांच्या मागे, सूटकेसमध्ये कोंबल्यासारखं बसवलेलं आहे. तेल काढायचं तर आधी पोटाखालचं आवरण उतरवावं लागतं. तेल मामांच्या गाडीच्या दुपटीने लागतं, आणि तेही साधं चालत नाही. तेलाचं बूच जास्त आवळलं तर त्याचे आटे जातात आणि मग खरोखरच नव्या इंजिनाची भाषा सुरू होते. हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजात देऊ नकोस.

मजुरी तासांवर लावतात. पण ते प्रत्यक्ष लागलेले तास नसतात. प्रत्येक कामाला किती वेळ धरायचा हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तकात साडेतीन तास असतील तर साडेतीन तासांचे पैसे, मग मेकॅनिकने दीड तासात उरकलं तरी आणि त्याला पाच तास लागले तरी. यावर तू चिडणार, म्हणून आधीच विचारते. शेजारचा शिंपी ज्या कोटाला तीन दिवस लावायचा तो तू दीड दिवसात शिवायचीस. म्हणून तू कधी निम्मी शिलाई घेतलीस का?

मान वर होते हे वाचलं. पंचाने त्यावर काही लिहिणं योग्य नाही.

जेवते. वेळा पाळत नाही.

आशीर्वाद नेहमीच्या मापाने असावेत,
मोजपट्टी


१६ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल गाडीची सर्व्हिसिंग झाली. पुस्तिका काखेत मारून गेले होते. बाहीवाल्याला तिन्ही कामं दाखव म्हटलं. त्याने पानं उलटली, सुलटली, आणि मग म्हणाला की ही कामं पुस्तिकेत नसली तरी गाडीला आवडतात. मी म्हटलं की मलाही पुष्कळ गोष्टी आवडतात. तिन्ही खोडली. भांडले नाही. आवाज थोडा चढला असेल.

मग बसले काचेपलीकडच्या बैठकीत. खुर्ची इतकी खोल की बसलेला माणूस तक्रार करायला उठूच शकत नाही. कॉफी फुकट. मला माझी गाडी समोर दिसत होती. मेकॅनिक मुलगी होती, तुझ्याच वयाची, हात असा सफाईने चालत होता की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दुसरी कॉफी संपायच्या आत गाडी खाली उतरली. बिलावर मात्र साडेतीन तास!

आता तुझ्या कोटाचं बघू. नाही, मी निम्मी शिलाई कधी घेतली नाही. भरभर चालणाऱ्या हाताला दंड कशाला? पण बाई माझे, मी पावतीवर “एक कोट” असं लिहायची. “तीन दिवस” असं नाही लिहिलं कधी. किंमत सांगा ना खुशाल, पण न बसलेले तास कशाला सांगता? याचं उत्तर दे, पंच म्हणून नको, तिथली म्हणून दे.

खरी गंमत पुढेच आहे. बैठकीत एक दाढीवाले गृहस्थ कपाळाला हात लावून बसले होते. त्यांच्या गाडीच्या सीटची शिवण कडेला चार बोटं उसवली होती. बाहीवाला त्यांना सांगत होता की अख्खं कव्हर बदलावं लागेल, ते जहाजाने येईल. मला राहवेना. चष्मा लावून बघून आले. कातडं शाबूत होतं, फक्त दोरा सुटला होता. जुनीच भोकं, त्यातूनच नवा दोरा ओवायचा की काम झालं. वाकडी सुई माझ्या पर्समध्ये असतेच. मुख्य साहेब आले, नियम सांगू लागले. दाढीवाले म्हणाले की सीट त्यांची आहे आणि बाईंना शिवू द्या. कॉफी निवायच्या आत मी शिवून दिली. साहेबांनी बोट फिरवून पाहिलं, त्यांना जोड सापडेना.

मग त्यांनी विचारलं की तुमचं काय द्यायचं. मी म्हटलं की तुमचं पुस्तक काय म्हणतं ते बघा. पुस्तकात सीटच्या कव्हरला चार तास! मी म्हटलं की मग चार तासांचे द्या, हात भरभर चालतो हा काही माझा गुन्हा नाही. बाहीवाल्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. साहेब चांगले निघाले. घासाघीस करून दोन तासांची मजुरी दिली आणि वर विचारलं की अशी आणखी कामं निघाली तर याल का. बघते म्हटलं. भाव खायची सवय आपल्यालाही आहे.

आता मुद्द्याचं. कामं खोडूनही बिल भाड्याच्या सव्वापट झालं. म्हणजे वर गेलं. पण शिवणकामाची मजुरी वजा केली तर भाड्याच्या आत येतं, थोडंच, पण आत. दादा म्हणतो की वजा करता येणार नाही. आता तू सांगशील ते. मी गाडी पुसून ठेवली आहे, दोन्ही निकालांना तयार आहे. खोटं कशाला लिहू, एकाच निकालाला तयार आहे.

तुझ्या निकालाआधीही आणि नंतरही तुझीच,
मावशी


१९ मार्च

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मावशीने तिची बाजू मीठमसाला लावून कळवली असेलच. माझी बाजू अळणी आहे, पण पचायला बरी.

तहात शब्द “खर्च” असा होता. शब्द माझेच आहेत, मी बँकेत तपासनीस होतो. खर्च म्हणजे खर्च. तिने त्याच दिवशी शिवून कमावलं की विणून कमावलं, याचा खर्चाशी संबंध नाही. उद्या मी दवाखान्यात गेलो आणि वाटेत मला लॉटरी लागली, तर दवाखाना फुकट झाला असं म्हणायचं का?

तू मला खडूस समजशील. समज. पण ती माझी धाकटी बहीण आहे. पुढच्या वर्षी टायर येतील, त्यापुढे क्लच येईल. दर वेळी कोणाची शिवण उसवणार नाही. तिला काटकसर करताना मी पाहिलंय, ती आधी औषधाच्या गोळ्या अर्ध्या करते आणि विचारलं तर विसरले म्हणते. मला तिची गाडी खुपत नाही, या गोळ्या खुपतात.

आणि गाडी वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही. परवा तिने बळेच फिरवून आणलं. बसताना ठीक होतं. उतरताना मला दोघांनी ओढून काढलं, त्यातला एक तर रस्त्याने चाललेला परका माणूस होता. तुझी मावशी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती. पण वळणावर गाडी जशी वळली, तशी माझी गाडी उभ्या जन्मात वळलेली नाही, हे मी मान्य करतो. तिला सांगू नकोस.

एक दंतवैद्य गाडी घ्यायला तयार आहेत. भाव चांगला देतात, आकडा पाठीमागे लिहिला आहे. निकाल लवकर दे, तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

काटेकोरपणात तुझा एकुलता एक पूर्वज,
मामा


२४ मार्च

ती. मामा आणि ती. मावशी यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांना मिळून आहे. मावशीने मोठ्याने वाचावं, मामांनी मध्ये बोलू नये.

मामांचं बरोबर आहे. मिळालेली मजुरी ही कमाई आहे, त्याने खर्च कमी होत नाही. बिल एका महिन्याच्या भाड्यावर गेलं आहे. तहाप्रमाणे गाडी विकावी लागेल.

मावशी, इथे थांबू नकोस, पुढे वाच.

तासांबद्दलही उत्तर द्यायचं राहिलं आहे. तुझं म्हणणं बरोबर आहे. मी चार दिवस उत्तर शोधलं, मिळालं नाही. आमच्या साहेबांना सुचवलं की एस्टिमेटवर तास न लिहिता कामाची किंमत लिहावी. ते बघू म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे नाही, पण मी पुन्हा विचारणार आहे.

आता विक्रीचं. गाडी विकायची असं तहात आहे. कोणाला आणि किती, हे नाही. तपासनिसाच्या हातून एवढं कसं सुटलं हे मामांनी बघावं. मी निम्मी गाडी विकत घेत आहे. दंतवैद्यांनी जो भाव दिला त्याच्या बरोबर निम्मा. घरच्या माणसाला सूट नको आणि दयेची भरही नको. चेक सोबत आहे. यापुढची सर्व्हिसिंग मी करीन, वर्षातून एकदा येऊन, स्वतःच्या अवजारांनी. सुटे भाग मला नोकरीतल्या सवलतीत मिळतात. टायर आणि क्लच निम्मे निम्मे. म्हणजे तुझ्या वाट्याचा खर्च भाड्याच्या पुष्कळ आत राहतो, आणि तेवढ्या हिशेबात औषधाच्या गोळ्या अख्ख्या घेता येतात. मामा, हे मला तुमच्याकडून कळलं हे लिहायला नको होतं, पण लिहून झालं आहे आणि मी खाडाखोड करत नाही.

हे मी तुझ्यासाठी करते आहे असं समजून डोळे पुसत बसू नकोस. या गाड्यांखाली मी चार वर्षं काढली. त्यांचा प्रत्येक नट मला हाताने ओळखता येतो. पण चालवून बघायचं काम दुसऱ्यांकडे असतं. मी आजवर अशी गाडी लिफ्टपासून धुण्याच्या जागेपर्यंत नेली आहे, पहिल्या गिअरमध्ये. तुझं मान वर होण्याचं वाक्य आल्यापासून माझं काम नीट होत नाही. ही तक्रार समजावी.

वाटणी सोपी आहे. मागचा अर्धा भाग माझा, कारण इंजिन तिथे आहे. पुढचा तुझा. स्टिअरिंग तुझ्या भागात येतं, म्हणून रीतसर विचारते: येत्या रविवारी ते मला वापरायला मिळेल का? तू शेजारी बसावंस. मामांना उतरवून घ्यायला मी दोघं परके शोधून ठेवीन, पण सीटा दोनच असल्यामुळे त्यांची पाळी दुपारी.

निकालाविरुद्ध अपील नाही. लोभ निम्मा निम्मा नको, पुराच हवा.

तुमची,
मोजपट्टी

ता. क. पेट्रोलची टाकी पुढच्या भागात आहे, म्हणजे तुझ्या. भरून ठेव.